एक रकाना, अनेक उत्तरे : बीड जिल्ह्याच्या भाषागणनेच्या निमित्ताने

मराठीतील 'भाषा' हा शब्द आकारान्त स्त्रीलिंगी असून प्रथमेत त्याच्या एकवचनाचे व अनेकवचनाचे रूप एकच आहे. 'एक भाषा' आणि 'चार भाषा' यांत नाम तेच राहते. संख्येचा निर्णय विशेषणाने अथवा क्रियापदाने करावा लागतो. 'भाषा कोणती?' असे विचारल्यास उत्तर एक अपेक्षिले जाते, 'भाषा कोणत्या?' असे विचारल्यास एकाहून अधिक. परंतु छापील प्रपत्राच्या रकान्यावर विशेषणही नसते आणि क्रियापदही नसते. तेथे केवळ 'भाषा' एवढेच शीर्षक असते. या शब्दाचे वचन कोणते धरावे हे प्रपत्र सांगत नाही. ते आधी कोणीतरी ठरवून ठेवलेले असते, आणि ज्याने ते ठरविले तो उत्तर देणाऱ्यासमोर उपस्थित नसतो.

संगणकावरील प्रपत्रांची छाननी करणारी आज्ञावली लिहिणाऱ्यांना या अडचणीचा परिचय निराळ्या वाटेने झालेला आहे. ज्या रकान्यात एकाहून अधिक मूल्ये येऊ शकतात त्याची पडताळणी हा त्यांच्या नित्य व्यवहारातील एक कुप्रसिद्ध प्रश्न होय. या रकान्यांतील दोष शोधणे कठीण जाते, कारण ते दोष बहुधा चूक म्हणून प्रकट होतच नाहीत. तीन उत्तरांतून दोन गळून एक उरते; उरलेले उत्तर बरोबर असते; छाननी त्यालाच तपासते आणि संमती देते. हाच प्रकार भारतीय जनगणनेच्या भाषाविषयक रकान्यात शंभर वर्षांहून अधिक काळ घडत आलेला आहे. या दोन घटना एकाच दोषाची दोन रूपे आहेत असे दाखविण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू असून त्यासाठी बीड जिल्ह्याचे उदाहरण घेतले आहे.

बीड जिल्हा अशा विचाराला सोयीचा आहे. मुकुंदराजाची समाधी जेथे दाखविली जाते आणि दासोपंतांनी जेथे आपली प्रचंड ग्रंथरचना केली, ते अंबाजोगाई याच जिल्ह्यातील. त्यामुळे हा मुलूख निखळ मराठी, अशी समजूत सहज होते, व संख्येच्या दृष्टीने ती फारशी चुकीची नाही. तथापि सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. तदनंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. संस्थानी कारभाराची भाषा प्रथम फारसी व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणापासून उर्दू होती. बीड शहरातील व इतर कसब्यांतील मुसलमान घरांत दख्खनी बोलली जाते, जिला बोलणारे स्वतः बहुधा उर्दू असे म्हणतात. गेवराई, माजलगाव, धारूर, परळी या भागांतील तांड्यांवर बंजारा समाजाची बोली आहे. यांखेरीज पारधी, वडारी, कैकाडी यांसारख्या बोली घरापुरत्या उरलेल्या आढळतात. यांपैकी कोणत्याही बोलीच्या माणसाचे काम एका भाषेने भागत नाही. तांड्यावरील मूल घरी गोरमाटी, शाळेत मराठी, बाजारात मराठी व थोडी दख्खनी, अशा क्रमाने दिवस घालविते. 'तुझी भाषा कोणती?' हा एकवचनी प्रश्न त्याला कोड्यासारखा वाटावा, यात नवल नाही.

या जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक उणीव ध्यानात घ्यावी लागते. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या कक्षेत मद्रास इलाखा, ब्रह्मदेश, तसेच हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने नव्हती. बंजारी किंवा लभाणी भाषेचे वर्णन सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली व खानदेशी बोलींच्या सोबत, १९०७ मध्ये छापले गेले. पण ते संस्थानाबाहेरील नमुन्यांवर आधारलेले आहे. पुण्याच्या किंवा वऱ्हाडच्या बोलींना सर्वेक्षणाचा जो आधार मिळाला तो बीडला मिळाला नाही. त्यामुळे येथील भाषास्थितीविषयी जुन्या काळचा सलग लेखी पुरावा शोधू गेल्यास जनगणनेचे तक्ते हाच मुख्य आधार उरतो, आणि तो ज्या रकान्यातून निघाला त्याची घडण तपासणे अगत्याचे ठरते.

हैदराबाद संस्थानात पहिली रीतसर शिरगणती १८८१ मध्ये झाली. भाषेचा प्रश्न तेव्हापासून अनुसूचीत आहे, पण त्याचे शब्द स्थिर राहिले नाहीत. १८८१ मध्ये मातृभाषा विचारली गेली. १८९१ मध्ये आईबापांची भाषा. १९०१ मध्ये सामान्यतः वापरली जाणारी भाषा. १९११ मध्ये घरात सामान्यतः वापरली जाणारी भाषा. १९२१ मध्ये पुन्हा सामान्य वापरातील भाषा. आणि १९३१ पासून पुनश्च मातृभाषा. या बदलांवर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे व ते रास्तही आहे, कारण आईबापांची भाषा आणि नित्य वापरातील भाषा या दोन भिन्न वस्तू होत. परंतु या चर्चेत एक गोष्ट बहुधा नजरेआड राहते. पहिल्या पन्नास वर्षांत प्रश्नाचा अर्थ वारंवार बदलला. उत्तराची संख्या मात्र एकदाही बदलली नाही. भाषा कोणत्याही अर्थाने घ्या, ती एकच लिहावयाची होती.

असे का झाले असावे? भाषाविषयक सिद्धान्तापेक्षा गणनेच्या साधनाकडे पाहिल्यास याचा उलगडा अधिक चांगला होतो. १९०१ पर्यंत अनुसूचीवरील नोंदी मोठ्या तक्त्यांवर खुणा करून गोळा केल्या जात. त्या वर्षी चिठ्ठ्यांची पद्धत आली. प्रत्येक माणसाची एक स्वतंत्र चिठ्ठी तयार करावयाची, तीवर त्याची माहिती संक्षेपाने उतरावयाची आणि मग त्या चिठ्ठ्या खणांच्या पेटीत वर्गवार टाकून मोजावयाच्या. पद्धत शीघ्र होती आणि पुढे कित्येक दशके टिकली. पण कागदाची एक चिठ्ठी एका वेळी एकाच खणात पडते. मराठीच्या खणात पडलेली चिठ्ठी त्याच फेरीत उर्दूच्या खणात असू शकत नाही. ती दोन्हीकडे मोजावयाची तर एका माणसाचे दोन होतात व एकूण लोकसंख्येशी बेरीज जुळत नाही. कारकुनाच्या दृष्टीने बेरीज जुळणे हीच पडताळणी होती. म्हणून प्रत्येक माणसाला एक आणि एकच भाषा असणे ही पेटीची गरज ठरली, आणि पेटीची गरज कालांतराने समाजाचे वर्णन म्हणून वाचली जाऊ लागली.

उर्दूत प्रपत्राच्या रकान्याला 'खाना' म्हणतात. फारसीत या शब्दाचा अर्थ घर असा आहे. रकाने भरण्याच्या कामाला महसुली व्यवहारात 'खानापुरी' हा शब्द होता. हिंदीत आज तोच शब्द केवळ उपचार म्हणून, वरवर केलेल्या कामाला लावतात. अर्थाची ही घसरण अनुभवातून आलेली असावी.

१९३१ मध्ये या रचनेला पहिली फट पडली. त्या जनगणनेत मातृभाषेच्या जोडीला नित्य व्यवहारातील इतर भाषांसाठी वेगळा रकाना आला. त्यामागील विचार सरळ होता. सीमाभागात व मिश्र वस्तीत लोक दोन भाषा वापरतात, आणि एका रकान्यात दोन भाषा कोंबण्यापेक्षा दुसरा रकाना देणे बरे. १९५१ मध्येही मातृभाषा व द्विभाषिकता यांची नोंद झाली. १९६१ मध्ये मातृभाषेची व्याख्या नेमकी करण्यात आली : लहानपणी आई ज्या भाषेत त्या व्यक्तीशी बोलली ती, आणि आई लवकर निवर्तली असेल तर बालपणी घरात मुख्यत्वे बोलली जाणारी. शिवाय इतर भाषा दोनपर्यंत नोंदण्याची सोय झाली. २०११ च्या अनुसूचीतही हीच चौकट होती. मातृभाषा एक; तिच्याखेरीज ज्ञात अशा इतर भाषा दोन, त्याही प्रावीण्याच्या क्रमाने. वाचता-लिहिता येण्याची अट नव्हती. समजणे व बोलणे पुरेसे होते. अर्भके व मूकबधिर यांच्यापुढे आईची भाषा लिहावयाची होती. प्रगणकाला सूचना होती की, सांगितलेले नाव जसेच्या तसे लिहावे, ती भाषा की बोली याचा निवाडा आपण करू नये, आणि धर्मावरून मातृभाषेचा तर्क करू नये. ही शेवटची सूचना बीडसारख्या शहरात निरर्थक नव्हती.

येथे एक भेद स्पष्ट करावा लागतो, कारण पुढील विवेचन त्यावर उभे आहे. एकाहून अधिक उत्तरे स्वीकारणे आणि उत्तरांच्या संख्येवरील मर्यादा वाढविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९३१ नंतर जे घडले ते दुसऱ्या प्रकारचे आहे. एक खाना होता, तेथे तीन झाले. परंतु प्रत्येक खान्यात एकच मूल्य, हा नियम अबाधित राहिला, आणि मातृभाषेचा पहिला खाना तर पूर्वीइतकाच एकवचनी राहिला. बंजारा आई व मराठी बाप, किंवा वडारी बोलणारी आजी व दख्खनी बोलणारा शेजार, अशा घरात वाढलेल्या मुलाच्या दोन मातृभाषा असू शकतात, ही शक्यता अनुसूचीने कधीच मान्य केली नाही. चौथी भाषा जाणणाऱ्याची चौथी भाषा कोणतीही तक्रार न होता नाहीशी झाली. प्रगणकाने नियमाप्रमाणे दोन लिहिल्या; छाननीत त्या दोन्ही भाषा मान्य ठरल्या; पत्रक निर्दोष ठरले.

याच्या नेमक्या उलट दिशेची चूकही त्याच तक्त्यांत सापडते. २०११ च्या गणनेत मातृभाषेच्या रकान्यात एकूण १९,५६९ निरनिराळी नावे आली. त्यांची छाननी व एकत्रीकरण करून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या. १,४७४ नावांचे वर्गीकरण न झाल्याने ती 'इतर' या सदरात गेली. पुढे या मातृभाषा गटांत बसवून १२१ भाषांचे तक्ते झाले, त्यांत २२ अनुसूचित व ९९ इतर. दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषा स्वतंत्रपणे न दाखविण्याचा प्रघात १९७१ पासून आहे. १९६१ च्या अहवालातील १,६५२ मातृभाषांचा आकडा आजही वारंवार उद्धृत होतो, त्याचे कारण त्यानंतर एवढे उदार दार पुन्हा उघडले नाही हेच होय.

आता गोरमाटीचे काय झाले ते पाहावे. ही भाषा बोलणारे तिला गोरमाटी किंवा गोरबोली म्हणतात. बाहेरचे लोक तिला महाराष्ट्रात बंजारी वा लमाणी, कर्नाटकात लमाणी, तेलंगणात लंबाडी अशा नावांनी ओळखतात. बोलणारा माणूस प्रगणकाला यांतील कोणतेही नाव सांगू शकतो, आणि प्रगणक समोरच्याला कळेल असे नाव सुचवूही शकतो. २०११ च्या तक्त्यांत या भाषेच्या दोन ओळी आहेत. 'लमाणी/लंबाडी' या नावाखाली बत्तीस लाखांहून अधिक आणि 'बंजारी' या नावाखाली पंधरा लाखांहून अधिक भाषक नोंदले आहेत. म्हणजे भाषावैज्ञानिकदृष्ट्या जी एक, तिची दोन मूल्ये झाली. आणि ही दोन्ही मूल्ये पन्नासाहून अधिक अन्य मातृभाषांसह हिंदी या एका गटात घातली आहेत. ग्रिअर्सनने तिला राजस्थानी-गुजरातीच्या आप्तसंबंधात पाहिले होते. तांड्यावरील आजीला हिंदी कळेलच असे नाही. एकाचे दोन करणे आणि भिन्नांचे एक करणे, हे दोन्ही दोष एकाच ओळीत एकाच वेळी नांदत आहेत, आणि बेरीज मात्र तंतोतंत जुळते.

या नावांच्या घोळात बीडपुरती एक जास्तीची गुंतागुंत आहे. या जिल्ह्यात वंजारी समाज मोठा आहे. वंजारी आणि बंजारा ही नावे उच्चाराने जवळची असली तरी ते दोन वेगळे समाज असून राज्याच्या आरक्षणाच्या यादीतही त्यांची स्थाने भिन्न आहेत : बंजारा विमुक्त जातींत, वंजारी भटक्या जमातींच्या 'ड' गटात. वंजारी समाजाची भाषा मराठी आहे. केवळ नाव पाहून सांकेतिक क्रमांक देणाऱ्या दूरच्या कार्यालयात 'वंजारी' असे भाषानाम पोचले तर ते 'बंजारी'चे अशुद्ध रूप समजले जाण्याचा धोका उघड आहे. गावातील तलाठ्याला अथवा शिक्षकाला हा भेद सांगावा लागत नाही. ज्याला उत्तर कळते तो माणूस आणि जो ते तपासतो तो माणूस यांच्यातील अंतर जेवढे अधिक, तेवढी तपासणीतील चूक शुद्धतेचे रूप घेऊन येते.

गटवारीचा एक परिणाम द्विभाषिकतेच्या आकड्यांवर होतो, तो सूक्ष्म असल्याने थोडा विस्ताराने सांगावा लागतो. एखाद्या व्यक्तीची मातृभाषा लमाणी असून तिने इतर भाषा म्हणून मराठी व हिंदी सांगितल्या असे समजू. तिच्या पत्रकावर तीन भाषा आहेत. लमाणी हिंदीच्या गटात गेली की गटनावांच्या पातळीवर तिची मातृभाषा हिंदी, आणि इतर भाषा मराठी व हिंदी, असे विचित्र वाक्य तयार होते. हिंदी भाषकाला हिंदी येते, ही माहिती नव्हे. अशा जोडीला तक्त्यात स्थान उरत नाही. तीन भाषा वापरणारी व्यक्ती दोन भाषांची उरते. तिने शाळेत किंवा उसाच्या फडावर कष्टाने मिळविलेली हिंदी तिच्या जन्मभाषेचेच दुसरे नाव ठरते.

एकवचनी खान्याचा हा आग्रह केवळ भारतीय नाही. अमेरिकेच्या जनगणनेत वंशाच्या प्रश्नाला एकच उत्तर देण्याची सूचना दीर्घकाळ होती. एक किंवा अधिक खुणा करण्याची मुभा तेथे २००० साली प्रथम मिळाली, आणि त्या वर्षी सुमारे ६८ लाख लोकांनी एकाहून अधिक वंश नोंदविले. हे लोक १९९० मध्येही अस्तित्वात होते. बदलले ते प्रपत्र.

कागदी चिठ्ठीची सक्ती संगणकाला नाही. तेव्हा हा दोष तेथे आपोआप नाहीसा व्हावयास हवा होता; तसे झाले नाही. वेबवरील प्रपत्रांची रचना नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रमाणपत्रात लिपिबद्ध झाली. तीत एका रकान्यात अनेक पर्याय निवडण्याची सोय आरंभापासून आहे, आणि ती पाठविण्याची रीत अत्यंत साधी आहे : रकान्याचे नाव प्रत्येक मूल्यामागे पुन्हा लिहावयाचे. एखाद्याने मराठी, उर्दू व लमाणी या तीन चौकटींवर खूण केली तर ब्राउझर 'भाषा मराठी, भाषा उर्दू, भाषा लमाणी' अशा तीन जोड्या एकामागून एक पाठवितो. अनेकवचनाचे कोणतेही चिन्ह त्यात नसते. मराठीतील 'भाषा' शब्दाप्रमाणेच नाम तेच राहते आणि संख्या ऐकणाऱ्याने ओळखावयाची असते.

ऐकणारे मात्र निरनिराळ्या रीतींनी ऐकतात. जावामधील सर्व्हरच्या रूढ पद्धतीत एकवचनी मागणी केली तर पहिले मूल्य मिळते. पीएचपीमध्ये शेवटचे मिळते; सर्व हवी असतील तर रकान्याच्या नावापुढे चौकोनी कंस जोडावा लागतो. २००५ साली खुल्या झालेल्या, पायथनमधील जँगो या फ्रेमवर्कमध्ये सर्व मूल्ये जपून ठेवलेली असतात, पण नेहमीच्या रीतीने मागितल्यास शेवटचेच हाती येते. यादी हवी तर यादीसाठीची वेगळी मागणी करावी लागते. रेल्समध्ये २०१३ पासून आलेल्या नियमानुसार, रकाना अनेकमूल्य आहे असे स्पष्ट जाहीर केले नसेल तर आलेली यादी गाळून टाकली जाते. एकच पत्रक एका ठिकाणी मराठी भाषकाचे, दुसऱ्या ठिकाणी लमाणी भाषकाचे, आणि तिसऱ्या ठिकाणी भाषाहीनाचे ठरते. यांतील कोणतीही व्यवस्था सदोष आहे असे म्हणता येणार नाही. प्रत्येकीने आपला नियम लिहून ठेवला आहे. दोष उद्भवतो तो बहुवचनी उत्तराला एकवचनी प्रश्न विचारल्यामुळे.

असा दोष शोधणाऱ्याची पहिली चूक बहुधा अशी होते की, तो छाननीच्या नियमांकडे पाहत बसतो. नियमात 'लमाणी' हा मान्य पर्याय आहे, आलेले मूल्य 'लमाणी' आहे, म्हणून सर्व ठीक. वस्तुतः छाननीपूर्वीच, मूल्य उचलण्याच्या क्षणी, दोन उत्तरे गळालेली असतात. म्हणून अनुभवी माणूस प्रथम ब्राउझरने नेमके काय पाठविले ते पाहतो, मग आज्ञावलीच्या हाती काय आले ते, आणि सर्वांत शेवटी नियम. दोषाची एक खूणही त्याला ठाऊक असते. दुसऱ्याच एखाद्या रकान्यात चूक असल्याने प्रपत्र परत आले आणि तीन खुणांच्या जागी एकच खूण उरलेली दिसली, तर रोग मूल्य उचलण्याच्या जागी आहे, नियमात नाही.

याच्या उलट प्रसंगी, म्हणजे यादीची अपेक्षा असताना एकटे मूल्य आले असता, जो प्रकार घडतो तो देवनागरी वाचणाऱ्याला विशेष चमत्कारिक वाटेल. यादीतील प्रत्येक घटक तपासण्यासाठी हाताने लिहिलेली आज्ञावली शब्दालाच यादी समजते आणि त्याचे तुकडे करते. 'मराठी' या शब्दाचे युनिकोडमध्ये पाच घटक आहेत : म, र, आकाराची मात्रा, ठ आणि दीर्घ ईकाराची मात्रा. मग 'म' ही भाषा मान्य नाही, 'र' ही भाषा मान्य नाही, असे संदेश येऊ लागतात, आणि व्यंजनापासून सुटलेली मात्राही एक भाषा म्हणून नाकारली जाते. अक्षर हे आपल्या लिपीचे एकक. ते सुद्धा येथे शाबूत राहत नाही. हा दोष निदान आवाज तरी करतो, म्हणून तो लवकर सापडतो.

तिसरा प्रकार मौनाचा आहे. एकाही चौकटीवर खूण केली नाही तर ब्राउझर त्या रकान्याविषयी काहीच पाठवीत नाही. 'मला इतर कोणतीही भाषा येत नाही' आणि 'हा प्रश्न मला विचारलाच गेला नाही' ही दोन विधाने मग सारखीच दिसतात. पूर्वी भरलेले पत्रक दुरुस्त करताना सर्व खुणा काढल्या तरी जुनी उत्तरे तशीच राहतात, ती याच कारणाने. चौकटींसोबत एक रिकामे, अदृश्य मूल्य पाठविण्याची युक्ती रेल्समध्ये यासाठीच आहे. कागदी पत्रकावर प्रगणक अशा ठिकाणी आडवी रेघ मारीत असे. कोऱ्या जागेपेक्षा रेघेला अर्थ जास्त असतो.

यांहून जनगणनेच्या दृष्टीने गंभीर अशी एक बाब क्रमाची आहे. इतर भाषा प्रावीण्याच्या क्रमाने लिहावयाच्या असतात. परंतु ब्राउझर खुणा केलेल्या चौकटी पाठवितो त्या प्रपत्रातील मांडणीच्या क्रमाने; माणसाने कोणती खूण आधी केली याला तेथे महत्त्व नाही. यादी वर्णानुक्रमे असेल तर मराठी सदैव हिंदीच्या आधी येईल, मग बोलणाऱ्याला हिंदी अधिक येवो वा मराठी. हे दोष म्हणून कोणाच्याही ध्यानात येणार नाही, कारण सर्व मूल्ये आलेली असतील व सर्व मान्य असतील. जेथे क्रम हीच माहिती आहे तेथे चौकटींची यादी उपयोगाची नाही. पहिली, दुसरी, तिसरी असे वेगळे रकानेच हवेत. जुन्या अनुसूचीतील एकामागून एक खान्यांची रचना या एका बाबतीत शहाणपणाची होती असे म्हणावे लागते.

१ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होणारी जनगणना भ्रमणध्वनीवरील उपयोजनाच्या साहाय्याने घेण्याचे आणि नागरिकांना स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोय देण्याचे शासनाने जाहीर केले. तेव्हा चिठ्ठ्यांची पेटी आणि ब्राउझरची जोडी या दोन परंपरा येथे एकत्र येतात. यंत्राला तीन काय, सात भाषा साठविण्यासही अडचण नाही. चौथी भाषा नाकारावयाची की नाही हा प्रश्न यापुढे साधनाचा राहिलेला नाही. नावांच्या बाबतीतही असेच आहे. 'गोरमाटी', 'लमाणी', 'बंजारी' हे तीनही शब्द बोलणाऱ्याने सांगितले तसे जपून ठेवून त्यांना एका भाषेशी जोडणे शक्य आहे. मूळ शब्द पुसून त्याच्या जागी गटनाव लिहिण्याची गरज कागदाला होती. बीडच्या पत्रकांची खरी परीक्षा घ्यावयाची तर काही उत्तरे मुद्दाम भरून पाहावीत : मातृभाषा गोरमाटी व इतर भाषा हिंदी, मातृभाषा 'वंजारी' असे लिहिलेले मराठी घर, इतर भाषा एकही नाही, इतर भाषा चार. भरलेले पत्रक स्वीकारले गेले यावर न थांबता, ते पुन्हा उघडून काय काय शिल्लक आहे ते वाचावे.

यांतील चार भाषांचे उत्तर काल्पनिक नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी मोठ्या संख्येने ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांच्या परिसरात जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. तांड्यावरून गेलेल्या जोडप्याची घरची भाषा गोरमाटी, गावची मराठी, फडावर परप्रांतीयांशी बोलावयाची हिंदी, आणि बेळगाव भागात काही हंगाम काढले असतील तर कामापुरती कानडी. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. हा हंगाम ऐन भरात असण्याचा काळ होय. आणि जो माणूस त्या संपूर्ण काळात घरी नसेल त्याची नोंद तो जेथे सापडेल तेथे करावी, असा नियम होता. त्यामुळे यांपैकी अनेकांच्या तीन भाषा बीडच्या तक्त्यात नसून ज्या जिल्ह्यात त्यांची कोपी उभी होती तेथील तक्त्यात आहेत, आणि चौथी कोठेही नाही.